‘कितीने’ आणि ‘किती पट’

गेल्या दोन महिन्यांतली तुमची पत्रं घेऊन बसले, तर निम्म्याहून अधिक पत्रांत एकच दुखणं निघालं : गुणोत्तराची शाब्दिक उदाहरणं. सहावीच्या पुस्तकात ‘गुणोत्तर-प्रमाण’ हा धडा येतो आणि तोवर बरं चाललेलं मूल तिथे अडखळतं. आईवडील घाबरतात, शिकवण्या लागतात. म्हणून या वेळचं सदर सगळं या एका विषयाला दिलं आहे. मी सोलापूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत ३१ वर्षं शिकवलं. त्यातली बरीच वर्षं सहावी-सातवीचं गणित माझ्याकडे होतं. खाली जे लिहिते आहे ते बहुतेक मला मुलांनीच शिकवलेलं आहे.

प्रश्न : बाई, नमस्कार. माझी मुलगी सहावीत आहे. गुणाकार-भागाकार चोख आहेत, तीसपर्यंत पाढे पाठ आहेत. पण गुणोत्तराचं शाब्दिक उदाहरण आलं की हमखास चुकते. परवा गणित होतं : ‘२ डबे पांढऱ्या रंगात ३ डबे निळा रंग मिसळला. तसाच रंग हवा असेल तर ४ डबे पांढऱ्या रंगात किती डबे निळा रंग मिसळावा?’ तिने ५ लिहिलं. मी तीनदा समजावलं, शेवटी ओरडले. ती रडायला लागली. तिचं लक्ष नसतं, की तिला गणित झेपतच नाही?
— एक आई, पंढरपूर

उत्तर : ताई, आधी तिला जवळ घ्या. तुम्हीही मनाला लावून घेऊ नका. एकीकडे रात्रीचा स्वयंपाक आणि एकीकडे अभ्यास, हे घराघरांत चालतं. पण तिचं लक्ष नाही असं मला वाटत नाही, आणि गणित झेपत नाही असं तर मुळीच नाही.

तिला शांतपणे विचारा, ‘पाच कसे आले गं?’ ती सांगेल, ‘निळा पांढऱ्यापेक्षा एक डबा जास्त आहे. म्हणून चारला पाच.’ म्हणजे तिने दोन आकड्यांतलं नातं शोधलं आणि तेच नातं पुढच्या जोडीला लावलं. विचार करण्याची ही रीत अगदी बरोबर आहे. फक्त तिने ‘कितीने’ हे नातं धरलं, आणि गणिताला ‘किती पट’ हवं होतं. यात तिचा दोष कमी आणि आपला जास्त आहे. पहिलीपासून आपण मुलांना काय विचारत आलो? कुणाकडे कितीने जास्त, कोण कुणापेक्षा कितीने लहान. पाच वर्षं हेच घोटून घेतलं, मग सहावीत मूल तेच हत्यार बाहेर काढणार.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. वडील गवंडी. सुट्टीच्या दिवशी तो त्यांच्या हाताखाली कामाला जायचा, आणि गणितात कच्चा म्हणून मागच्या बाकावर बसायचा. एकदा मी फळ्यावर असंच उदाहरण लिहिलं. निम्म्या वर्गाने ‘कितीने’ काढून उत्तर दिलं. मागून आवाज आला, ‘बाई, असं केलं तर माल बिघडेल.’ मी त्याला पुढे बोलावून खडू हातात दिला. तो म्हणाला, गिलाव्याचा माल एकास चार असतो. १ घमेलं सिमेंट, ४ घमेली वाळू. ‘वाळू तीन घमेल्यांनी जास्त झाली. आता आठ घमेली वाळू घेतली, तर ह्यांच्या हिशेबाने सिमेंट पाच घमेली. एवढं सिमेंट कोण देईल?’ पोरं हसली. तो मात्र फळ्याकडेच बघत होता. जरा थांबून म्हणाला, ‘आणि दोनच घमेली वाळू असली तर?’

वर्ग गप्प झाला. दोनातून तीन वजा. उणे एक. एक मुलगी हळूच म्हणाली, ‘म्हणजे कोरड्या मालातून एक घमेलं सिमेंट काढून घ्यायचं?’

‘किती पट’ म्हणजे काय, हे त्या वर्गाला मला पुन्हा सांगावं लागलं नाही. वाळू दुप्पट तर सिमेंट दुप्पट, वाळू निम्मी तर सिमेंट निम्मं. तो मुलगा त्यानंतर मागच्या बाकावर बसला नाही. मीही उत्तर चुकलं की खोडण्याआधी ‘कसं काढलंस’ हे विचारायची सवय लावून घेतली.

तुमच्या घरी सिमेंट नको, लिंबू सरबत पुरे. १ पेला पाण्याला ३ चमचे साखर घालून तिला चव बघू द्या. मग ४ पेल्यांचं सरबत तिच्या पद्धतीने करू द्या : साखर दोनने जास्त, म्हणून ६ चमचे. ते तिलाच प्यायला सांगा. पहिला घोट घेतला की तिचा चेहराच सांगेल की हे ‘तसंच’ सरबत नाही. मग १२ चमचे घालून पुन्हा चव बघा. तुम्ही काही समजावू नका. जीभ समजावते.

एकदा हे पटलं की कागदावर ‘घाणा’ आणा. चकल्यांचा एक घाणा, दुसरा घाणा, हा शब्द तिच्या कानावर आहेच. २ डबे पांढरा आणि ३ डबे निळा हा रंगाचा एक घाणा. दोन घाणे केले तर ४ पांढरे आणि ६ निळे. तीन घाणे केले तर ६ आणि ९. हे तिला एकाखाली एक दोन ओळींत लिहू द्या. पांढरा ५ डबे दिला तर ती थबकेल, कारण पाच हे दोनच्या पाढ्यात नाहीत. थबकू द्या, लगेच सांगू नका. दोन घाणे आणि वर अर्धा घाणा, म्हणजे निळा साडेसात डबे, इथवर मुलं आपली आपण पोचतात. मी कितीतरी वेळा पाहिलं आहे.

आणखी एक. उदाहरण वाचताना ‘तसाच’, ‘त्याच चवीचं’, ‘त्याच दराने’, ‘त्याच प्रमाणात’ अशा शब्दांखाली तिला पेन्सिलीने रेघ मारायला लावा. गुणोत्तर या शब्दांत असतं. मुलं आकड्यांना गोल करतात आणि हे शब्द सोडून देतात.

प्रश्न : आमच्याकडे प्रश्न वेगळा आहे. मुलाला गुणोत्तर म्हणजे काय ते कळतं, संक्षिप्त रूप देतो. पण ‘मुलग्यांचे मुलींशी गुणोत्तर ४ : ५’ असं दिलं की कधी ४ ने भागतो, कधी ५ ने, कधी ९ ने. कधी कशाने भागायचं याचा काही नियम आहे का?
— एक वडील, कराड

उत्तर : दादा, नियम सांगितला तर तो नियम पाठ करेल आणि पुढच्या परीक्षेत चुकीच्या जागी लावेल. त्याऐवजी त्याला चौकोन काढू द्या.

वरच्या ओळीत मुलग्यांचे ४ चौकोन, खालच्या ओळीत मुलींचे ५. सगळे चौकोन सारखे. एका चौकोनात किती मुलं हे आपल्याला माहीत नाही, पण प्रत्येकात सारखीच आहेत एवढं नक्की. मी वर्गात त्याला ‘वाटा’ म्हणायचे. आमच्या भागात शेत वाट्याने करतात, त्यामुळे मुलांना तो शब्द घरचा वाटतो.

आता एकाच ४ : ५ वर तीन वेगळी गणितं देते. पहिलं : वर्गात एकूण ३६ मुलं आहेत. हे ३६ कुठे बसतात? दोन्ही ओळींवर मिळून, म्हणजे ९ चौकोनांत. मग एका चौकोनात ४, मुलगे १६ आणि मुली २०. दुसरं : मुली ३५ आहेत. हे ३५ फक्त खालच्या ओळीत बसतात, ५ चौकोनांत. एका चौकोनात ७, म्हणजे मुलगे २८. तिसरं : मुली मुलग्यांपेक्षा ६ने जास्त आहेत. हे ६ कुठे? खालची ओळ वरच्या ओळीपेक्षा जिथे पुढे आली आहे त्या एकाच चौकोनात. मग प्रत्येक चौकोनात ६, मुलगे २४ आणि मुली ३०.

म्हणजे कशाने भागायचं हा प्रश्न उरतच नाही. दिलेली संख्या किती चौकोनांवर पसरली आहे, एवढंच बघायचं. तो चुकला तर ‘भागाकार बघ’ म्हणू नका, ‘ही संख्या बोटाने दाखव’ म्हणा. माझ्या अनुभवात बोट फिरायला लागलं की चूक त्याची त्याला दिसते. सिंगापूरच्या प्राथमिक शाळांत १९८०च्या दशकापासून शाब्दिक उदाहरणं अशाच पट्ट्या काढून शिकवतात. आपल्याकडे मात्र चित्र काढलं की ‘पायऱ्या लिही, चित्रं नकोत’ म्हणणारे लोक अजून भेटतात. मला ते पटत नाही. सहावीच्या मुलाची पट्टी ही त्याची पहिली पायरीच आहे, आणि तिला गुण मिळायला हवेत.

क्रमाचंही सांगते, कारण तुमचा मुलगा तिथेही घसरत असावा. ‘मुलग्यांचे मुलींशी’ यात ज्याला ‘चे’ लागलं तो आधी आणि ज्याला ‘शी’ लागलं तो नंतर. ‘मुलींचे मुलग्यांशी’ म्हटलं की तेच ५ : ४ होतं. चौकोन काढताना ओळीच्या डावीकडे नाव लिहायची सवय लावलीत, तर हा गोंधळ जातो. आणि ‘५ किलोचे ४०० ग्रॅमशी गुणोत्तर’ असं आलं की आधी दोन्ही ग्रॅममध्ये : ५००० : ४००, म्हणजे २५ : २. एकक बघितल्याशिवाय पेन्सिल उचलायची नाही.

प्रश्न : आमच्या वेळी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे सगळे पाठ होते. त्रैराशिक मांडलं की दोन ओळींत उत्तर. आता नातवाला शाळेत ‘एका वस्तूची किंमत काढा, मग इतक्या वस्तूंची काढा’ असं लांबण लावतात. जुनं ते चांगलं नव्हतं का? मी त्याला त्रैराशिक शिकवू का?
— एक आजोबा, इंदूर

उत्तर : आजोबा, नमस्कार. तुमचं पत्र वाचून मला माझे वडील आठवले. त्यांचीही औटकी शेवटपर्यंत तोंडपाठ होती. औट म्हणजे साडेतीन, हे आताच्या मुलांना सांगावं लागतं.

त्रैराशिक, म्हणजे तीन दिलेल्या राशींवरून चौथी काढायची रीत, जरूर शिकवा, पण त्याची गोष्ट सांगून शिकवा. आर्यभटाने इ. स. ४९९च्या सुमारास ते सांगितलं आहे, आणि भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे ११५०मध्ये, त्यावर सुरेख उदाहरणं आहेत. पहिलंच केशराचं आहे : ३/७ निष्काला अडीच पल केशर मिळतं, तर ९ निष्कांना किती? (निष्क हे जुनं नाणं, पल हे जुनं वजन.) यातल्या तिन्ही राशींना नावं आहेत. ३/७ निष्क हे ‘प्रमाण’, अडीच पल हे ‘फल’ आणि ९ निष्क ही ‘इच्छा’. फलाला इच्छेने गुणायचं आणि प्रमाणाने भागायचं. नऊ आणि अडीचचा गुणाकार साडेबावीस, तुमच्या अडीचकीतला. त्याला ३/७ने भागलं की साडेबावन्न पल. मला यात ‘इच्छा’ हा शब्द फार आवडतो. ज्याचं उत्तर हवं आहे ती इच्छा. नातवाला प्रत्येक उदाहरणात आधी ‘इच्छा कुठली?’ हे विचारा. निम्मं काम तिथेच होतं, कारण मुलं उदाहरण वाचतात पण नेमकं काय विचारलं आहे ते वाचत नाहीत.

एक गोष्ट तुम्हाला म्हणून सांगते. चाळीसगावजवळच्या पाटणे इथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठ काढला, त्याची ती नोंद. शेवटच्या काही ओळी जुन्या मराठीत आहेत आणि त्यांत पाटणच्या बाजारातल्या मालावरचं उत्पन्न मठाला दिल्याचं लिहिलं आहे. आजोबांचं गणित नातवाने पुढे चालवलं, ते आठशे वर्षांपूर्वी आणि आपल्या खानदेशात. नातवाला एकदा घेऊन जा. इंदूरहून फार लांब नाही.

आता तुमच्या तक्रारीकडे येते. शाळेत जे शिकवतात त्याला एकमान पद्धत म्हणतात, आणि ते त्रैराशिकच आहे, दोन पावलांत चाललेलं. ७ वह्यांचे १७५ रुपये तर १२ वह्यांचे किती? तुम्ही १७५ला १२ने गुणून ७ने भागता. तो आधी भागतो, एक वही २५ रुपयांची काढतो आणि मग १२ने गुणून ३००वर येतो. उत्तर एकच. पण मधे जो २५चा आकडा येतो, त्याला अर्थ आहे : एका वहीची किंमत. तुमच्या पद्धतीत मधे २१०० येतात, आणि ते २१०० कशाचे, हे मुलाला सांगता येत नाही. नुकतं शिकणाऱ्या मुलाच्या हातात अर्थ असलेला आकडा असावा, एवढ्यासाठी मी एकमान पद्धत आधी शिकवते. ती पक्की झाली की सातवी-आठवीत त्रैराशिक द्या.

तुमची दिडकी मात्र आजच द्या. तिला इतका चांगला उपयोग शाळेतच आहे. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ, सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम तांदूळ आणि ३० ग्रॅम डाळ असं प्रमाण ठरलेलं आहे. धाकट्याचं दीडपट केलं की मोठ्याचं येतं, आणि तांदळाचे डाळीशी गुणोत्तर दोन्हीकडे ५ : १च राहतं. आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींना गुणोत्तर हा शब्द माहीत नव्हता. पण आज सहावीची किती पोरं आली एवढं विचारून त्या डाळ मोजायच्या, आणि खिचडी कधी पातळ झाली नाही की घट्ट झाली नाही. मी सहावीचा धडा सुरू करताना मुलांना त्यांच्याकडे पाठवायची. मावशी डाळ कशी मोजतात ते बघून, लिहून आणायचं.

प्रश्न : मुलगा सातवीत आहे. सम प्रमाण आणि व्यस्त प्रमाण यात त्याचा फार गोंधळ होतो. ओळखायची काही खूण सांगा.
— एक शेतकरी, निफाड

उत्तर : दादा, खूण तुमच्या शेतात आहे. फवारणीच्या १५ लिटरच्या पंपाला लिटरला २ मिलीप्रमाणे ३० मिली औषध घालता. दोन पंपांना ६०, आठ पंपांना २४०. पंप वाढले तसं औषध वाढलं, आणि पट तीच राहिली. हे सम.

आता खुरपणी. ४ बायकांनी ६ दिवसांत खुरपणी उरकली, तर तुम्ही किती रोज मोजता? एका बाईचं एका दिवसाचं काम तो एक रोज, म्हणजे २४ रोज. काम तेवढंच आहे, म्हणजे रोज २४च लागणार. ८ बायका आणल्या तर ३ दिवस, ३ आणल्या तर ८ दिवस. एक वाढलं की दुसरं कमी होतं आणि गुणाकार तोच राहतो. हे व्यस्त. त्याला म्हणावं, पट कायम राहते की रोज कायम राहतात, एवढं बघ.

पण त्याला तिसरा प्रकारही विचारा. पुस्तकातल्या सगळ्या गणितांत सम किंवा व्यस्त असतंच, त्यामुळे मुलं डोळे मिटून लावतात. एक पापड उन्हात वाळायला एक दिवस लागतो, तर शंभर पापडांना किती दिवस? माझ्या वर्गात ‘१०० दिवस’ असं वहीत लिहिणारी मुलं दर वर्षी निघाली, आणि त्यातल्या बहुतेकांच्या घरच्या गच्चीवर वाळवण पडलेलं होतं. घरातलं शहाणपण वहीपर्यंत येत नाही, याचं मला नेहमी वाईट वाटायचं.

प्रश्न : मी आश्रमशाळेत नव्यानेच शिकवू लागलो आहे. ‘आई व मुलगी यांच्या वयांचे गुणोत्तर ४ : १ आहे. ५ वर्षांनंतर ते ३ : १ होईल. तर आजची वये काढा.’ हे समीकरणाने मला येतं. पण माझी मुलं अजून समीकरणात कच्ची आहेत. त्यांना ‘क्ष मानू’ न म्हणता कसं शिकवू?
— एक शिक्षक, अकोले

उत्तर : सर, तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. मुलांना येत नाही म्हणून उदाहरण वगळलं नाहीत, दुसरी वाट शोधताय.

या उदाहरणात ‘कितीने’ परत येतं, आणि या वेळी तेच कामाचं आहे. मुलांना विचारा, ‘तुझी आई तुझ्यापेक्षा कितीने मोठी? तू दहावीत जाशील तेव्हा कितीने मोठी असेल?’ हसतील, पण उत्तर बरोबर देतील : तेवढ्यानेच. वयांची पट दर वर्षी बदलते, अंतर बदलत नाही. सगळं उदाहरण या एका वाक्यावर उभं आहे.

आता पट्ट्या काढा. आज आईचे ४ वाटे आणि मुलीचा १, म्हणजे अंतर ३ वाट्यांचं. पाच वर्षांनी आईचे ३ आणि मुलीचा १, अंतर २ वाट्यांचं. पण खरं अंतर तर तेच आहे. म्हणजे दोन्ही वेळचे वाटे सारख्या आकाराचे नाहीत. इथे थांबा आणि मुलांनाच विचारा, आता काय करायचं. ३ आणि २ चा लसावि ६ हे कुणीतरी बोलेल. तो धडा त्यांचा नुकताच झालेला असतो. अंतर ६ बारीक वाट्यांचं करा. आजचं ४ : १ हे ८ : २ होतं, नंतरचं ३ : १ हे ९ : ३ होतं. आई ८ची ९ झाली, मुलगी २ची ३ झाली. दोघींचा एकेक वाटा वाढला, आणि तो एक वाटा म्हणजे ती ५ वर्षं. आईचं वय ४०, मुलीचं १०. ताळा : पाच वर्षांनी ४५ आणि १५, म्हणजे ३ : १.

दोघींचा वाटा सारखाच वाढला हे फळ्यावर दिसतं तेव्हा वर्गात ‘अरे!’ असा आवाज होतो. तो ऐकायला मिळाला तर मला जरूर कळवा. त्याच तासाला दुसरं उदाहरण घ्यायची मात्र घाई करू नका. त्याऐवजी त्यांना स्वतःच्या आणि आईच्या वयाचं गुणोत्तर काढून आणायला सांगा. काही मुलांना आईचं वय नक्की माहीत नसतं, काही मुलांना आई नसते. म्हणून ‘घरातल्या कुणाही मोठ्या माणसाचं’ असं म्हणा. आश्रमशाळेत हे जपायला हवं, तुम्हाला ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार.

प्रश्न : बाई, मी सहावीत आहे. आम्ही कबड्डीचा सामना २४-१८ असा जिंकला. गुणोत्तराला अतिसंक्षिप्त रूप द्यायचं असं शिकवलं आहे, म्हणून मी घरी सांगितलं की आम्ही ४-३ ने जिंकलो. सगळे हसले. माझं काय चुकलं?
— एक विद्यार्थी, वाई

उत्तर : बाळा, आधी सामना जिंकल्याबद्दल शाबास. आणि हसणाऱ्यांना सांग की बाईंना हा प्रश्न या महिन्यात सगळ्यात जास्त आवडला.

तुझं संक्षिप्त रूप अगदी बरोबर आहे. तुमच्या गुणांचे त्यांच्या गुणांशी गुणोत्तर ४ : ३ असं तू म्हणालास तर कुणीही चूक काढू शकणार नाही. पण सामन्यात लोक ‘कितीने’ विचारतात. तुम्ही ६ गुणांनी जिंकलात. ४-३ म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, एकाच गुणाने जिंकलात. संक्षिप्त रूप दिलं की ‘किती पट’ तशीच राहते आणि ‘कितीने’ हरवतं. म्हणून सामन्याचे गुण जसेच्या तसे सांगायचे, त्यांना काट द्यायची नाही.

आता तुझ्यासाठी एक काम. आपल्या राष्ट्रध्वजाच्या लांबीचे रुंदीशी गुणोत्तर नेहमी ३ : २ असतं. ध्वज लहान असो की मोठा. एक ध्वज ९०० मिलिमीटर लांब आणि ६०० मिलिमीटर रुंद असतो, त्याहून मोठा १३५० लांब आणि ९०० रुंद. दोन्हींमध्ये लांबी रुंदीपेक्षा ‘कितीने’ जास्त आहे आणि ‘किती पट’ आहे, ते दोन्ही काढ. मग तुमच्या शाळेच्या कपाटात घडी करून ठेवलेला ध्वज आहे, त्याची मापं सरांकडून विचारून घे आणि मला लिहून पाठव.